व्हिडिओ अडखळतो तेव्हा आधी डिकोडर कोणता चालतो ते पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकावर ब्राउझरमध्ये व्हिडिओ अडखळतो, आवाज पुढे जातो नि चित्र मागे राहते, पंखा घोंघावू लागतो, अशी तक्रार वाचकांच्या प्रश्नोत्तरांत वारंवार येते. तिला मिळणारे उत्तर बहुतेक वेळा एका ओळीचे असते : ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करा. या उत्तराने काही जणांचे काम भागते, हे खरे. पण ज्यांचे भागते त्यांचा प्रत्येक व्हिडिओ त्या दिवसापासून प्रोसेसरच्या अंगावर पडतो, आणि ते बटण पुन्हा चालू करायचे असते हे कोणी सांगत नाही. पुढे केव्हातरी तोच माणूस संगणक जुना झाला असे समजून नवा घ्यायला निघतो. संगणक बहुतेक वेळा ठीकच असतो. म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन’ या एका नावाखाली ब्राउझर दोन वेगळी कामे ठेवतो. एक म्हणजे पान रंगवणे : अक्षरे, चित्रे, सरकणारे भाग ग्राफिक्स चिपकडून पडद्यावर काढून घेणे. दुसरे व्हिडिओ डिकोडिंग, म्हणजे दाबून लहान केलेला व्हिडिओ उलगडणे. ही कामे चिपचे वेगवेगळे भाग करतात. डिकोडिंगसाठी चिपवर ठरावीक फॉरमॅटपुरताच घडवलेला एक छोटा स्वतंत्र विभाग असतो, तो हार्डवेअर डिकोडर. हेच काम प्रोसेसरवर करणारा प्रोग्राम म्हणजे सॉफ्टवेअर डिकोडर. गेम खेळताना जो भाग राबतो त्याच्याशी त्याचा संबंध नाही. सेटिंगमधले मोठे बटण बंद केले की दोन्ही कामे प्रोसेसरकडे येतात. बिघाड एकात, शिक्षा दोघांना.

ओझे किती असते ते एका हिशेबात कळेल. ४के व्हिडिओतले एक उलगडलेले चित्र म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपके, ठिपक्याला सरासरी दीड बाइट, म्हणजे सुमारे १ कोटी २४ लाख बाइट. सेकंदाला अशी ६० चित्रे असतील तर सेकंदाला जवळजवळ ७५ कोटी बाइट. १०-बिट एचडीआर (रंग-उजेडाच्या जास्त छटांच्या) व्हिडिओत प्रत्येक नमुन्याला एकाऐवजी दोन बाइट लागतात, म्हणून आकडा दुप्पट. हार्डवेअर डिकोडिंग नीट चालत असेल तर ही चित्रे ग्राफिक्सच्या मेमरीतच तयार होतात आणि तिथूनच पडद्यावर जातात. प्रोसेसरने उलगडली तर उलगडण्याचे कष्ट वेगळे आणि ही सगळी वाहतूक वेगळी. प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅम वापरते. अशा संगणकात रॅमची एकच पट्टी असेल तर डिकोडर चालू असूनही ४के अडखळू शकते. तिथे त्याच मापाची दुसरी पट्टी योग्य खाचेत बसवणे हा खरा उपाय ठरतो, आणि सेटिंगमध्ये कितीही शोधले तरी तो सापडत नाही.

आता फॉरमॅट. वेबवर चार भेटतात. एच.२६४ हे २००३ चे, आणि आज वापरात असलेल्या जवळजवळ प्रत्येक चिपला ते येते. एच.२६५ आणि व्हीपी९ ही दोन्ही २०१३ ची. एव्ही१ हे २०१८ चे. साइट यांपैकी कोणते पाठवते आणि तुमच्या चिपला त्यांपैकी कोणती येतात, यांचा मेळ बसला नाही की तक्रार सुरू होते. यूट्यूब १०८० पर्यंत (म्हणजे उभ्या १०८० ठिपक्यांच्या चित्रापर्यंत) एच.२६४ देते, त्याहून मोठ्या चित्रासाठी व्हीपी९ किंवा एव्ही१ घ्यावेच लागते. म्हणूनच ‘१०८० ला छान चालते, १४४० ला अडते’ ही तक्रार इतकी जुनी आहे. इंटरनेटच्या वेगाला दोष देण्याआधी फॉरमॅट बदलला का ते पाहावे.

कोणत्या चिपला काय येते हे डेस्कटॉपच्या बाबतीत नीट माहीत असणे फायद्याचे असते. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये व्हीपी९ चे पूर्ण हार्डवेअर डिकोडिंग सातव्या पिढीपासून आहे, एव्ही१ अकराव्या पिढीपासून. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर असेल तर त्यात अंगभूत ग्राफिक्स चालूच नसते, तेव्हा सगळी भिस्त वेगळ्या कार्डावर. एनव्हिडियात गंमत अशी की २०१५ चे जीटीएक्स ९६० व्हीपी९ उलगडते, आणि त्याहून ताकदवान पण २०१४ चे जीटीएक्स ९८० ते पूर्णपणे हार्डवेअरमध्ये उलगडत नाही, कारण त्यातला व्हिडिओचा विभाग जुन्या पद्धतीचा आहे. जीटीएक्स १० मालिकेपासून व्हीपी९ ची चिंता नाही. एव्ही१ मात्र २०२० च्या आरटीएक्स ३० मालिकेपासून. जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकांना ते येत नाही. एएमडीच्या स्वतंत्र कार्डांत व्हीपी९ आरएक्स ५००० मालिकेपासून नि एव्ही१ आरएक्स ६००० पासून, पण त्याच मालिकेतल्या आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी या दोन स्वस्त कार्डांतून एव्ही१ वगळलेले आहे. रायझन ५००० जी प्रोसेसरच्या ग्राफिक्सला एव्ही१ येत नाही, रायझन ७००० ला येते. किंमत आणि क्रमांक पाहून यातले काहीच ओळखता येत नाही. नेमक्या मॉडेलची माहिती पाहावी लागते.

यातून डेस्कटॉपवरच घडणारी एक चूक निघते. सातव्या किंवा नंतरच्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असलेल्या संगणकात कोणी जीटी ७१० सारखे जुन्या घडणीचे कार्ड ‘ग्राफिक्स वाढवायला’ बसवतो आणि मॉनिटरची केबल त्या कार्डाला लावतो. त्या कार्डाला व्हीपी९ ही येत नाही नि एच.२६५ ही येत नाही. प्रोसेसरमधले ग्राफिक्स ते लीलया करत होते, पण आता ते रिकामे बसते, कारण ब्राउझर सहसा ज्या चिपला मॉनिटर जोडलेला आहे तीच वापरतो, आणि वेगळे कार्ड दिसले की अनेक मदरबोर्ड अंगभूत ग्राफिक्स बंदच करतात. कार्ड काढा, केबल मदरबोर्डच्या भोकात लावा, व्हिडिओ सुरळीत. उलट प्रकारही घडतो : नवे चांगले कार्ड बसवलेले आणि केबल सवयीने मदरबोर्डलाच राहिलेली. तपासणीची सुरुवात संगणकाच्या पाठीमागून करावी हे आमचे ठाम मत आहे. त्याला अर्धा मिनिट लागतो.

दोन्ही ग्राफिक्स चालू ठेवायची असतील तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) अंगभूत ग्राफिक्स चालू करून विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जावे, ब्राउझर निवडावा आणि त्याला ‘पॉवर सेव्हिंग’ की ‘हाय परफॉर्मन्स’ चिप द्यायची ते ठरवावे. नंतर ब्राउझर पूर्ण बंद करून उघडावा. पूर्ण बंद याचा अर्थ घड्याळाजवळच्या ट्रेमध्ये मागे चालू राहिलेलाही बंद.

आता प्रत्यक्ष तपासणी. १०८० किंवा त्याहून मोठा एकच व्हिडिओ ठरवावा आणि शेवटपर्यंत त्याच्यावरच चाचणी करावी. १४४ किंवा २४० च्या लहान चित्रावर चाचणी करू नये. इतक्या लहान व्हिडिओसाठी ब्राउझर मुद्दामच प्रोसेसरवर काम करू शकतो, आणि ते योग्यही आहे. यूट्यूबवर व्हिडिओवर उजवी क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडावे. तिथे कोडेकच्या, म्हणजे फॉरमॅटच्या, ओळीत ‘एव्हीसी१’ दिसले तर एच.२६४, ‘व्हीपी०९’ किंवा ‘व्हीपी९’ म्हणजे व्हीपी९, ‘एव्ही०१’ म्हणजे एव्ही१. ‘व्हीपी०९’ पुढच्या ठिपक्याने तोडलेल्या आकड्यांत पहिला प्रोफाइलचा, दुसरा लेव्हलचा, तिसरा बिटचा : ०८ म्हणजे ८-बिट, १० म्हणजे १०-बिट. हा तिसरा आकडा महत्त्वाचा, कारण ८-बिट येणाऱ्या काही चिपांना १०-बिट येत नाही. त्याच चौकटीत गळालेल्या फ्रेमची, म्हणजे न दाखवता सोडून दिलेल्या चित्रांची, संख्या दिसते. ती वाढत असेल तर डिकोडिंग किंवा पडद्यावर काढण्याचे काम कमी पडते आहे. ती शून्यावर स्थिर आहे आणि तरीही व्हिडिओ थांबतो, गोल फिरत राहतो, तर ‘बफर हेल्थ’, म्हणजे पुढचा किती सेकंदांचा व्हिडिओ उतरवून ठेवला आहे तो आकडा, पाहावा. तो शून्याकडे गेलेला असणार. तो नेटवर्कचा प्रश्न. त्याचा आणि या पत्राचा संबंध नाही.

क्रोम, एज आणि त्यांच्या कुळातल्या ब्राउझरांत खरे उत्तर एका ठिकाणी मिळते. व्हिडिओ चालू असताना एफ१२ दाबावे, उघडलेल्या डेव्हलपर टूल्सच्या तीन टिंबांच्या मेनूत ‘मोअर टूल्स’मध्ये ‘मीडिया’ निवडावे. पटल रिकामे दिसले तर ते उघडे ठेवून पान ताजे करावे. चालू व्हिडिओच्या ओळीवर क्लिक केली की डिकोडरचे नाव आणि ‘हार्डवेअर डिकोडर’ खरे की खोटे ते दिसते. विंडोजवर ‘डी३डी११ व्हिडिओ डिकोडर’ आणि लिनक्सवर ‘व्हीएपीआय व्हिडिओ डिकोडर’ ही हार्डवेअरची नावे. ‘एफएफएमपेग’, ‘व्हीपीएक्स’ किंवा ‘डेव्हवनडी’ या नावांनी सुरू होणारा डिकोडर म्हणजे काम प्रोसेसर करतो आहे. बाकी सारे तर्क, हा पुरावा.

दुसरी साक्ष टास्क मॅनेजरची. विंडोजमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली जीपीयू (ग्राफिक्स चिप) निवडले की चार आलेख दिसतात. त्यांतला ‘व्हिडिओ डिकोड’ हलायला हवा. नाव दिसत नसेल तर आलेखाच्या शीर्षकावरचा बाण दाबून निवडता येते. एएमडीवर ते ‘व्हिडिओ कोडेक’ या नावाने असते. लोक वरचा ‘३डी’ आलेख पाहून निष्कर्ष काढतात, तो फसवा आहे. व्हिडिओ मोठा व स्वच्छ करून दाखवणाऱ्या सुविधा, जशी एनव्हिडियाची २०२३ मध्ये आलेली व्हिडिओ सुपर रिझोल्यूशन, ३डी भागावर मोठा भार टाकतात. डिकोडिंग उत्तम असूनही अशी सुविधा चालू असल्याने कमजोर कार्डावर व्हिडिओ अडखळतो. संशय आला तर ड्रायव्हरच्या (चिप चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) पॅनेलमधून ती आधी बंद करावी. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यात टॅबच्या ओळीतला सीपीयू आकडा व्हिडिओ सुरू होताच उसळला तर डिकोडिंग सॉफ्टवेअरने होते आहे. हार्डवेअरचे काम ‘जीपीयू प्रोसेस’ या वेगळ्या ओळीत होते.

सॉफ्टवेअर डिकोडर निघाला, तर कारण शोधायचे. पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत ‘क्रोम’, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि ‘जीपीयू’ असे लिहून एंटर दाबावे. वरच्या यादीत ‘व्हिडिओ डिकोड’ समोर ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटेड’ लिहिलेले पाहून बरेच जण तपास तिथेच संपवतात. त्या ओळीचा अर्थ एवढाच की ब्राउझरने डिकोडिंगला परवानगी दिली आहे. खाली ‘व्हिडिओ अ‍ॅक्सिलरेशन इन्फर्मेशन’ नावाचा तक्ता असतो, त्यात प्रत्येक फॉरमॅट, त्याचा प्रोफाइल आणि किमान-कमाल चित्रमाप दिलेले असते. तुमचा फॉरमॅट त्या तक्त्यात नसेल तर दोनच शक्यता : चिपला तो येत नाही, किंवा ड्रायव्हर सांगत नाही. तक्त्यात आहे आणि तरी वापरला जात नाही, तर दोष ब्राउझरच्या सेटिंगमध्ये किंवा त्या विशिष्ट व्हिडिओत.

तक्ता पूर्ण रिकामा असेल तर आधी त्याच पानावर चिपचे नाव वाचावे. ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक’ असे काही दिसले तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही, किंवा तुम्ही रिमोट डेस्कटॉपवरून पाहत आहात, किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये आहात. ‘स्विफ्टशेडर’ दिसले तर ग्राफिक्सचे सगळे काम प्रोसेसरवर गेले आहे. याचे एक कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. ब्राउझरची जीपीयू प्रोसेस एका बैठकीत वारंवार कोसळली की ब्राउझर स्वतःहून हार्डवेअर सोडून देतो आणि पुन्हा सुरू करेपर्यंत तसाच चालतो. म्हणून ‘सकाळी नीट चालते, संध्याकाळी अडखळते, बंद करून उघडले की बरे होते’ अशी तक्रार आली की ड्रायव्हर मधूनमधून पडतो आहे असे समजावे. कोसळल्याची नोंद त्याच पानाच्या तळाशी मिळते.

सेटिंगमध्ये पाहायच्या जागा तीन. पहिली, सेटिंगमधल्या ‘सिस्टिम’खालचे ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशनचे बटण, ते चालू हवे. दुसरी, ‘क्रोम’, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि ‘फ्लॅग्ज’ असे लिहून उघडणाऱ्या प्रायोगिक सेटिंगच्या पानावरची ‘हार्डवेअर-अ‍ॅक्सिलरेटेड व्हिडिओ डिकोड’ ही ओळ. तिसरी, त्याच पानावरचे ‘चूज अँगल ग्राफिक्स बॅकएंड’, म्हणजे ब्राउझरने चित्र कोणत्या यंत्रणेतून काढावे ती निवड. विंडोजवर ते ‘डिफॉल्ट’ किंवा ‘डी३डी११’ हवे. काळ्या पडद्यावरचा उपाय म्हणून ते ‘ओपनजीएल’वर नेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पडदा त्याने कधी कधी सुधारतो, पण विंडोजवरचा डिकोडर डी३डी११ वरच उभा असल्याने डिकोडिंग गुपचूप प्रोसेसरवर जाते. जुने प्रयोग आठवत नसतील तर फ्लॅग्जच्या पानावरचे ‘रीसेट ऑल’ दाबून स्वच्छ पाटीवर सुरुवात करावी. ‘ओव्हरराइड सॉफ्टवेअर रेंडरिंग लिस्ट’ हा फ्लॅग मात्र शेवटी ठेवावा. ब्राउझर बनवणारे काही ड्रायव्हर काळ्या यादीत टाकतात ते हिरव्या पट्ट्या, गोठलेले चित्र नि कोसळणे पाहूनच. यादी ओलांडणे म्हणजे तो इशारा पुसणे. आधी ड्रायव्हर नवा करावा.

ड्रायव्हरही चिप बनवणाऱ्या कंपनीकडचा किंवा संगणक बनवणाऱ्याकडचा घ्यावा, आणि बसवताना ‘क्लीन इन्स्टॉल’ची सोय असेल तर ती वापरावी. विंडोज अपडेट स्वतःहून जुना ड्रायव्हर परत बसवू शकते, म्हणून बसवल्यावर आणि पुन्हा काही दिवसांनी आवृत्तीचा क्रमांक पडताळावा. नव्या ड्रायव्हरनंतरच बिघाड सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक’ करावे. विंडोजच्या ‘एन’ आवृत्तीत मीडियाचे भाग मुळातच वगळलेले असतात. तिथे ‘मीडिया फीचर पॅक’ बसवल्याशिवाय पुढची खटपट करण्यात अर्थ नाही.

हिरवा पडदा, चमकणे, दोन मॉनिटरांपैकी एक क्षणभर काळा होणे, हे प्रकार वेगळे हाताळावे लागतात. डिकोडर काम करतो, पण चित्र पडद्यावर नेण्याच्या वाटेत घोळ होतो. इथे मोठे बटण बंद न करता फक्त ‘हार्डवेअर-अ‍ॅक्सिलरेटेड व्हिडिओ डिकोड’ हा एक फ्लॅग बंद करून पाहावा. दोष गेला तर डिकोडर किंवा त्याचा ड्रायव्हर संशयित. दोष राहिला तर डिकोडर निर्दोष, फ्लॅग परत चालू करावा. मग विंडोजचे मल्टिप्लेन ओव्हरले (व्हिडिओचा थर वेगळा ठेवून थेट पडद्यावर नेण्याची सोय) तपासता येते : रजिस्ट्रीत लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डीडब्ल्यूएम या जागी ‘ओव्हरले टेस्ट मोड’ हे नाव मध्ये जागा न सोडता सलग इंग्रजीत, डीवर्ड प्रकारचे, किंमत ५ देऊन तयार करावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. फरक पडला नाही तर ते काढून टाकावे. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी तिची प्रत ठेवावी, हे वेगळे सांगायला नको.

एच.२६५ ची गोष्ट निराळी, आणि एका ओळीच्या त्या सल्ल्याचे नुकसान इथे सर्वांत स्पष्ट दिसते. क्रोमने ऑक्टोबर २०२२ च्या १०७ व्या आवृत्तीपासून हे फॉरमॅट घेतले ते हार्डवेअरच्या भरवशावर, त्यात एच.२६५ चा सॉफ्टवेअर डिकोडर नाही. अनेक फोन याच फॉरमॅटमध्ये चित्रण करतात. अ‍ॅक्सिलरेशन बंद केले की हे व्हिडिओ अडखळत नाहीत, चालतच नाहीत : आवाज येतो आणि चित्र काळे, किंवा थेट त्रुटीचा संदेश. वापरणाऱ्याला वाटते फाइल खराब आहे.

फायरफॉक्समध्ये ‘अबाउट’, कोलन, ‘सपोर्ट’ हे पान उघडावे. मीडिया विभागात कोडेकचा तक्ता आहे, प्रत्येक फॉरमॅटसमोर सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर डिकोडिंगचे वेगळे रकाने. ग्राफिक्स विभागात कंपोझिटिंगसमोर (पान जुळवून रंगवण्याच्या ओळीसमोर) नुसते ‘वेबरेंडर’ हवे. पुढे कंसात ‘सॉफ्टवेअर’ असेल तर ग्राफिक्स चिप वापरलीच जात नाही, आणि का नाही ते खालच्या निर्णयांच्या नोंदीत लिहिलेले असते. बटण सेटिंगमध्ये ‘जनरल’खाली ‘परफॉर्मन्स’मध्ये, ‘शिफारस केलेली सेटिंग वापरा’ ही खूण काढल्यावर दिसते. विंडोजवर एव्ही१ च्या रकान्यात चिप सक्षम असूनही नकार दिसला तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधले ‘एव्ही१ व्हिडिओ एक्स्टेन्शन’ बसवून पाहावे. आणि एक सापळा : एक्स्टेन्शनचा दोष शोधायला फायरफॉक्सचा ट्रबलशूट मोड वापरला जातो, पण तो मोड हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनही बंद करतो. डिकोडिंगची चाचणी त्यात केली तर निकाल उलटा येतो. त्याऐवजी ‘अबाउट’, कोलन, ‘प्रोफाइल्स’ या पानावरून नवी कोरी प्रोफाइल करून तीत तपासावे.

लिनक्सवर ब्राउझर व्हीए-एपीआय या मधल्या थराशी बोलतो, म्हणून ब्राउझरच्या आधी तो थर तपासावा. टर्मिनलमध्ये ‘व्हीएइन्फो’ ही आज्ञा चालवली की फॉरमॅटची यादी येते. ज्या ओळीच्या शेवटी ‘व्हीएलडी’ आहे ती डिकोडिंगची. ‘एन्क’ असलेली ओळ चित्रण दाबण्याची, तिचा इथे उपयोग नाही. आज्ञाच चुकली तर ड्रायव्हर नाही किंवा परवानगी नाही. इंटेलसाठी ब्रॉडवेल (पाचवी पिढी) व नंतरच्या चिपांना ‘आयएचडी’ आणि त्याआधीच्यांना ‘आय९६५’ हा ड्रायव्हर लागतो. परवानगीसाठी वापरकर्ता ‘रेंडर’ गटात आहे का पाहावे. फेडोरा या लिनक्स वितरणाने २०२२ मध्ये पेटंटच्या कारणाने मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या संचामधून एच.२६४ आणि एच.२६५ चे हार्डवेअर डिकोडिंग वगळले. एएमडी कार्ड असलेल्यांना ते आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातल्या ‘फ्रीवर्ल्ड’ पॅकेजने परत मिळते. फायरफॉक्सने लिनक्सवर हार्डवेअर डिकोडिंग मुळातच चालू दिले ते इंटेलसाठी २०२३ च्या ११५ व्या आणि एएमडीसाठी २०२५ च्या १३६ व्या आवृत्तीपासून. क्रोमच्या बाबतीत जुन्या सूचनांपासून जपावे. तिथे चालू करायच्या सुविधेचे नाव आधी ‘व्हीएपीआय व्हिडिओ डिकोड लिनक्स जीएल’ होते, पुढे ‘अ‍ॅक्सिलरेटेड व्हिडिओ डिकोड लिनक्स जीएल’ झाले. चुकीचे किंवा जुने नाव दिले तर ब्राउझर कुरकुर न करता ते दुर्लक्षितो, आणि लावणाऱ्याला वाटते सुविधा चालू झाली. पुरावा मीडिया पटलातच पाहावा. स्नॅप किंवा फ्लॅटपॅक या बंदिस्त पॅकेजांमधला ब्राउझर स्वतःच्या डब्यातल्या लायब्ररी वापरतो, म्हणून व्हीएइन्फो ठीक आणि ब्राउझर नापास असे दिसले तर एकदा साध्या पॅकेजमधला ब्राउझर लावून तुलना करावी.

मॅकवर यातले थोडेच हाती असते. डिकोडिंग व्हिडिओटूलबॉक्स या यंत्रणेतून होते आणि एव्ही१ चे हार्डवेअर २०२३ च्या एम३ चिपपासून आहे.

चिपला फॉरमॅट येतच नाही असे सिद्ध झाले, तरी नवे कार्ड घेण्याआधी दोन गोष्टी कराव्या. साइटकडून वेगळे फॉरमॅट मागावे : यूट्यूबच्या ‘प्लेबॅक अँड परफॉर्मन्स’मध्ये एव्ही१ ची निवड ‘नेहमी एव्ही१’वर असेल तर ती ‘ऑटो’वर आणावी. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट’, कोलन, ‘कॉन्फिग’ या पानावर ‘मीडिया’, ‘एव्ही१’, ‘एनेबल्ड’ हे ठिपक्यांनी जोडलेले सेटिंग ‘फॉल्स’ केले की साइट व्हीपी९ पाठवते. व्हीपी९ ही पेलत नसेल तर एच.२६४ च मागणारी एक्स्टेन्शन मिळतात, मात्र मग यूट्यूबवर १०८० च्या वर जाता येणार नाही. दुसरे, खरेच अडचण आहे का ते पाहावे. ‘डेव्हवनडी’ हा एव्ही१ चा सॉफ्टवेअर डिकोडर फार कसून लिहिलेला आहे. बऱ्यापैकी नव्या चार कोरच्या प्रोसेसरवर १०८० चा व्हिडिओ तो फ्रेम न गाळता चालवतो. डेस्कटॉपला बॅटरीची चिंता नाही. फ्रेम गळत नसतील आणि पंखा शांत असेल तर सॉफ्टवेअर डिकोडर हा दोष मानू नये.

काही धक्के डिकोडिंगचे नसतातच. एचडीएमआय १.४ च्या भोकातून ४के मॉनिटरला सेकंदाला ३० च चित्रे मिळतात, मग ६० चा व्हिडिओ कसाही उलगडला तरी अर्धाच दिसतो. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये रिफ्रेश दर वाचावा. सेकंदाला २४ चित्रांचा चित्रपट ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र तीनदा, पुढचे दोनदा असा दाखवला जातो, म्हणून कॅमेरा हळू आडवा फिरताना हलका हिसका जाणवतो. तो कोणत्याही चिपवर जाणवणारच. पैसे भरून पाहायच्या साइटवर क्रोममधली वाइडव्हाइन ही संरक्षण-यंत्रणा सहसा स्वतःच सॉफ्टवेअरने चित्र उलगडते, तेव्हा मीडिया पटलात हार्डवेअर नाही असे दिसले म्हणून सेटिंग उलथीपालथी करू नये.

आपल्या सदरातून अशा प्रश्नांना उत्तर देणाऱ्यांना आमची विनंती आहे की ‘अ‍ॅक्सिलरेशन बंद करा’ हे वाक्य छापायचेच असेल तर त्याच्याशेजारी आणखी दोन ओळींना जागा द्यावी : आधी मीडिया पटलात डिकोडरचे नाव पाहून लिहून ठेवा, आणि बंद केल्याने फरक पडला नाही तर ते लगेच परत चालू करा. प्रश्न विचारणाऱ्या वाचकांनीही ‘व्हिडिओ अडकतो’ एवढेच न लिहिता चिपचे मॉडेल, ड्रायव्हरची आवृत्ती, ब्राउझरची आवृत्ती, कोडेकची ओळ, गळालेल्या फ्रेमचा आकडा आणि केबल कुठे लावली आहे, या सहा गोष्टी कळवल्या तर नेमके उत्तर देता येते.

आपले,
संगणक दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक